पायाखाली उमलणारी फुले : जपानच्या 'टीमलॅब'ची कला आणि आपण

जपानला जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये हल्ली दोन फोटो हमखास सापडतात. एक फुजी पर्वताचा. दुसरा एका अंधाऱ्या खोलीतला. त्यात भिंतीवर, जमिनीवर आणि फोटोत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरही रंगीत फुले पसरलेली असतात. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "हे काय, लग्नातली लायटिंग का?" मुले म्हणतात, "नाही हो, म्युझियम आहे," आणि बोट सरकवून पुढचा फोटो काढतात. विषय तिथेच संपतो.

हा विषय तिथे संपू नये असे मला वाटते. आपल्या मंडळाच्या घराघरांतील मुले आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. कुणी पुण्यात, कुणी बेंगळुरूला, कुणी गोव्यात. आपल्या पिढीला भजन, दशावतार, रांगोळी, आरास ठाऊक आहे. या दोन टोकांमध्ये बोलण्याचा एखादा पूल हवा असेल तर ही जपानी कला त्यासाठी चांगली आहे, कारण तिच्यात संगणकही आहे आणि परंपराही. ती नेमकी काय आहे, कशी चालते, तिच्यात जपानी म्हणावे असे काय आहे आणि जोयडा तालुक्यातल्या माणसाने तिच्याकडे कशासाठी पाहावे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

टीमलॅब म्हणजे कोण?

टीमलॅब हे एका चित्रकाराचे नाव नाही, तो एक मोठा गट आहे. तोशियुकी इनोको आणि त्यांच्या मित्रांनी २००१ मध्ये टोकियोत तो सुरू केला. इनोको त्याच वर्षी टोकियो विद्यापीठातून अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन बाहेर पडले होते. या गटात चित्रकार आहेत, प्रोग्रॅमर आहेत, गणितज्ञ आहेत, इमारतींची रचना करणारे वास्तुविशारद आहेत. कलाकृतीखाली एकट्याची सही नसते, सगळ्या गटाचे नाव असते. आपल्याकडे देवळाच्या लाकडी खांबांवरचे कोरीव काम कुणी केले हे जसे कुणी लिहून ठेवलेले नसते, तशातला हा प्रकार.

पहिली दहा वर्षे कलाजगताने त्यांची फारशी दखल घेतली नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांनी तैपेई येथील आपल्या गॅलरीत त्यांना प्रदर्शनासाठी बोलावले. २०१३ मध्ये सिंगापूरच्या बिएनालेत त्यांचे काम लागले. २०१४ पासून न्यूयॉर्कची पेस गॅलरी त्यांच्यामागे उभी राहिली. त्यानंतर जून २०१८ मध्ये टोकियोच्या ओदाइबा भागात 'टीमलॅब बॉर्डरलेस' नावाचे त्यांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. क्षेत्रफळ सुमारे १०,००० चौरस मीटर, म्हणजे अडीच एकरांच्या आसपास. आत सुमारे ५२० संगणक आणि ४७० प्रोजेक्टर. पहिल्या वर्षात सुमारे २३ लाख लोक येऊन गेले. ते संग्रहालय ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये टोकियोतच आझाबुदाई हिल्स येथे नव्या जागेत पुन्हा सुरू झाले. 'प्लॅनेट्स' हे त्यांचे दुसरे ठिकाण तोयोसू भागात आहे. तिथे पादत्राणे बाहेर काढून अनवाणी जावे लागते. देवळात जाणाऱ्या माणसाला त्याचे काही नवल वाटणार नाही.

सिनेमा आणि यात फरक काय?

"भिंतीवर चित्र पाडणे म्हणजे सिनेमाच ना?" हा पहिला प्रश्न. उत्तर असे की सिनेमा आधी तयार करून ठेवलेला असतो. प्रेक्षक असो वा नसो, तो तसाच चालतो. टीमलॅबच्या बहुतेक कलाकृतींत चित्र आधी तयार करून ठेवलेले नसते. संगणक ते त्या क्षणी काढत असतो.

माझ्या व्यवसायातले उदाहरण देतो. छापील कॅलेंडर जानेवारीत छापले की डिसेंबरपर्यंत बदलत नाही. बँकेतले खाते मात्र रोज बदलते. नियम ठरलेले असतात, व्याजाचा दर ठरलेला असतो, पण आज संध्याकाळी शिल्लक किती असेल हे दिवसभरात कोण आले, कुणी भरले, कुणी काढले यावर ठरते. सिनेमा कॅलेंडरासारखा आहे. टीमलॅबचे चित्र खात्यासारखे आहे. कलाकार नियम लिहून ठेवतात, शिल्लक मात्र येणाऱ्या माणसांमुळे बदलते. त्यामुळे आज दुपारी चार वाजता दिसलेले चित्र पुन्हा जसेच्या तसे दिसत नाही.

यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, माणूस कुठे आहे हे ओळखणारा सेन्सर किंवा कॅमेरा. दुसरी, त्या माहितीवरून चित्र काढणारा संगणक. तिसरी, ते चित्र भिंतीवर किंवा जमिनीवर पाडणारा प्रोजेक्टर. बाकी सगळा खेळ नियमांचा. काही नमुने पाहिले की हे लगेच कळते.

'फुले आणि माणसे' या मालिकेतल्या एका कलाकृतीत एका तासात वर्षभराचे ऋतू फिरतात. तुम्ही शांत उभे राहिलात तर तुमच्याभोवती फुले उमलतात. हात लावलात किंवा तुडवत चालू लागलात तर पाकळ्या गळून फुले कोमेजतात. नियम एवढाच. पण पाच मिनिटांत माणसाच्या लक्षात येते की इथे धावपळ करणाऱ्याला काही मिळत नाही, थांबणाऱ्याला मिळते.

प्लॅनेट्समध्ये गुडघ्यापर्यंत पाणी असलेले एक दालन आहे. पाण्यावर कोई माशांची चित्रे पोहत असतात. मासा चालणाऱ्या माणसाच्या पायावर आदळला की त्याची फुले होतात आणि विखुरतात. ती फुलेही ऋतूप्रमाणे बदलतात. माणसे किती आहेत आणि कशी हलतात त्यावर माशांची हालचाल ठरते.

'दिव्यांचे अरण्य' या दालनात काचेचे शेकडो दिवे टांगलेले आहेत. एका दिव्याजवळ तुम्ही स्थिर उभे राहिलात की तो उजळतो, त्यातून नाद उमटतो, आणि तो प्रकाश सर्वांत जवळच्या दिव्याकडे जातो, तिथून पुढच्याकडे, असा पसरत जातो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभे असेल तर त्याच्याकडून निघालेला प्रकाशही तुमच्याकडे येतो. तिकडे कोण आहे ते दिसत नाही, पण कुणीतरी आहे हे कळते. कार्तिकात दीपमाळ लावताना एकीकडून आपण आणि दुसरीकडून दुसरा कुणी वाती पेटवत येतो, तसे काहीसे.

आणि एक चहाघर. टीमलॅबच्या चहाघरात तुमच्यासमोर हिरव्या चहाचे भांडे ठेवले जाते. चहा ओतला की त्या चहात प्रकाशाचे फूल उमलते. भांडे उचलले की पाकळ्या विखुरतात. चहा शिल्लक आहे तोवर फुले उमलत राहतात, चहा संपला की फूलही संपते. मला ही कलाकृती सगळ्यांत समजायला सोपी आणि सगळ्यांत खोल वाटते.

यात जपानी काय आहे?

यंत्रे तर कुठलीही असू शकतात. मग या कलेला जपानी का म्हणायचे? माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, चित्र पाहण्याची रीत. युरोपात पंधराव्या शतकापासून चित्रात खोली दाखवण्यासाठी एक ठरावीक बिंदू धरण्याची पद्धत रुजली. रेल्वेचे रूळ दूर जाऊन एकत्र मिळताना दिसतात, तसे. अशा चित्रासमोर बघणाऱ्याची एक जागा ठरते आणि चित्रातले जग पलीकडे राहते. जुन्या जपानी चित्रांत, गुंडाळ्यांत आणि घडीच्या पडद्यांवर असा बिंदू नसतो. डोळा कुठूनही आत शिरू शकतो. इनोको आणि त्यांच्या गटाचे म्हणणे असे की हा अडाणीपणा नाही, जग पाहण्याची ही एक वेगळी आणि पूर्ण पद्धत आहे. तिच्यात पाहणारा चित्राबाहेर उभा नसतो. म्हणूनच ते संगणकात आधी त्रिमिती जग तयार करतात आणि ते या जुन्या पद्धतीने सपाट करून भिंतीवर आणतात. मग तुम्ही खोलीत कुठेही असलात तरी चित्राच्या आत असता. हे आपल्याला परके वाटू नये. वारली चित्र आठवा. तारप्याभोवती फेर धरलेली माणसे, बाजूला झाडे, झोपडी. त्या चित्रालाही 'इथे उभे राहून पाहा' अशी जागा नसते.

याच संदर्भात अठराव्या शतकातले क्योतोचे चित्रकार इतो जाकुचू (१७१६ ते १८००) यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध पडद्यावर पशुपक्ष्यांची चित्रे हजारो लहान लहान रंगीत चौकोनांनी भरलेली आहेत. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र जसे ठिपक्यांचे बनते, जवळपास तसेच. टीमलॅबने २०१३ मध्ये त्यावरून 'निर्वाण' नावाची हलती कलाकृती केली. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हा हिशेब सांगावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट, नाशवंताचे सौंदर्य. जपानीत 'मोनो नो आवारे' असा शब्दप्रयोग आहे. वस्तू टिकत नाही हे जाणून मनात जी हुरहुर दाटते आणि त्या हुरहुरीतूनच जे सौंदर्य दिसते, त्याचे हे नाव. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या विद्वानाने 'गेंजी'च्या जुन्या कथेचा अर्थ लावताना ही कल्पना मांडली. चेरीचा बहर पाहायला सारा देश बाहेर पडतो तो बहर आठवडा-दोन आठवड्यांत गळून जातो म्हणूनच. टीमलॅबची फुले कोमेजतात, फुलपाखरे हात लावताच मरून पडतात, चहातले फूल घोटाबरोबर जाते. संगणकात काहीही कायम ठेवता येत असताना त्यांनी मुद्दाम नाशवंत गोष्टी घडवल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट, उसनवारीचे दृश्य. जपानी बागेत 'शाक्केइ' नावाची युक्ती असते. बागेबाहेरचा डोंगर किंवा किल्ला बागेच्या रचनेत असा बसवायचा की तो बागेचाच भाग वाटावा. कुंपण दिसेनासे करायचे. टीमलॅबच्या संग्रहालयाचे नावच 'सीमा नसलेले' असे आहे. एका दालनातली फुलपाखरे दुसऱ्या दालनातल्या चित्रात उडत जातात. कुठल्या कलाकृतीची हद्द कुठे संपते ते सांगता येत नाही.

चौथी गोष्ट, माणूस आणि निसर्ग यांच्यामधली रेघ पुसट असणे. फुलांच्या मालिकेची कल्पना त्यांना कुनिसाकी या डोंगराळ द्वीपकल्पात सुचली असे ते सांगतात. वसंतात तिथले डोंगर फुलांनी भरलेले पाहून त्यांना प्रश्न पडला, यातली माणसांनी लावलेली किती आणि आपोआप आलेली किती? ते सांगताच येईना. आपल्या तालुक्यात कुणब्यांच्या घरामागच्या परसात उभे राहिले की हाच प्रश्न पडतो. परस कुठे संपले आणि रान कुठे सुरू झाले? जोयड्याच्या कंदमेळ्यात मांडलेले कंद पाहिले की शेती आणि जंगल यांच्यात आपण समजतो तेवढी पक्की भिंत नाही हे कळते.

आपल्याकडचे धागे

मराठी माणसाला जपानी सौंदर्यदृष्टी अगदीच अपरिचित नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये जपानच्या प्रवासाविषयी लिहिले. शिरीष पै यांनी जपानी हायकू मराठीत रुजवला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. सुमारे दहा एकरांची ही जपानी पद्धतीची बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर आखली आहे. मूळ कोराकुएन सतराव्या शतकाच्या अखेरीची, १६८७ मध्ये सुरू झालेली आणि १७०० मध्ये पूर्ण झालेली. पुण्याला मुलांकडे गेलात तर तिथे अवश्य जा. वळणावळणाची पायवाट, पाणी, पूल, प्रत्येक वळणावर बदलणारे दृश्य. चालणारा चालतो म्हणून बाग उलगडते. टीमलॅबच्या दालनांत संगणक जे करतो ते काम इथे पायवाट करते.

दुसरा धागा कल्याणचा आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. १८९२ मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांमागे दिवा, समोर पडदा. पट्ट्या इतक्या झरझर बदलायच्या की पडद्यावरची पात्रे हलल्यासारखी वाटत. रामायण-महाभारतातल्या कथा त्यांतून दाखवल्या जात. शंबरासुराच्या मायेवरून 'शांबरिक' हे नाव. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला १८९६ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनी. परदेशी यंत्र घेऊन त्यातून आपली कथा सांगायची, हे मराठी माणसाने तेव्हाच करून दाखवले होते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्या तर त्याहून जुन्या. तिथेही दिवा, पडदा आणि सांगणारा माणूस हेच तीन घटक.

नाशवंताचे सौंदर्य तर आपल्या रोजच्या घरातले आहे. सकाळी घातलेली रांगोळी संध्याकाळी पुसलेली असते. दीड दिवसाच्या गणपतीची माटोळी बांधायला जंगलातून आणलेली फळे-फुले लागतात आणि विसर्जनानंतर ती उतरवली जाते. जपून ठेवायची वस्तू आणि सोडून द्यायची वस्तू यांतला फरक आपल्या बायकांना नीट कळतो.

दुसरी बाजूही पाहू

कौतुक झाले. आता हिशेबाची बाजू. अशा ठिकाणांचे तिकीट काही हजार येन असते, म्हणजे माणशी साधारण दोन हजार रुपये किंवा त्याहून जास्त. शांत उभे राहिले तर फूल उमलेल असे कलाकार म्हणतो, पण प्रत्यक्षात अनेक जण फूल उमलण्याआधीच मोबाइल वर काढतात. दिव्यांच्या अरण्यात ठरावीक वेळेत बाहेर पडावे लागते. ज्या कलेचा पाया थांबण्यात आहे तिथे रांग मागून ढकलत असते, हा विरोधाभास आहेच. शेकडो प्रोजेक्टरांना वीज लागते, देखभाल लागते. आणि यंत्र जुने झाले की कलाकृती चालवणेही अवघड होते. दगडी मूर्तीला हे दुखणे नाही.

टीमलॅब मोकळ्या निसर्गातही काम करते. सागा प्रांतातल्या ताकेओ गावी मिफुनेयामा राकुएन नावाची १८४५ मधली बाग आहे. शेजारच्या देवस्थानात तीन हजार वर्षांपेक्षा जुना मानला जाणारा कापराचा वृक्ष आहे. २०१५ पासून त्या बागेत ते प्रकाशाची कलाकृती मांडतात. तळ्यावर प्रकाशाचे मासे पोहतात आणि होडी गेली की त्यांची चाल बदलते. निसर्गाला इजा न करता निसर्गच कला व्हावा, अशी त्यांची भूमिका आहे.

हे वाचून आपल्याकडच्या एखाद्या उत्साही माणसाला वाटेल की देवराईत किंवा अणशीच्या वाटेवर असे काही केले तर पर्यटक येतील. याला माझा स्पष्ट विरोध आहे. मिफुनेयामा ही माणसाने आखलेली बाग आहे. आपला तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाचा शेजारी आहे, किंबहुना त्याचा मोठा भाग प्रकल्पातच आहे. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. नर काजवा उजेडाच्या खुणेनेच मादीला हाक देतो. त्या काळात बाहेरचा झगझगीत प्रकाश पडला तर ही हाक पोहोचत नाही. टोकियोच्या माणसाला अंधार विकत घ्यावा लागतो, खोली काळी रंगवून त्यात दिवे सोडावे लागतात. आपल्याकडे तो अंधार अजून फुकट आहे. तो राखणे हेच तिथले काम. शिवाय देवराईतल्या देवाची परवानगी गावकरी मंडळींकडून मागावी लागते, कंत्राटदाराकडून नाही.

मग आपण काय करू शकतो?

आपण करण्यासारखे एक काम मला दिसते, आणि त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. शाळेची एक खोली पुरते.

आपल्या तालुक्याचे जुने मुख्य गाव सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे. सुपा धरण झाले, १९८०च्या दशकात पाणी चढले आणि ते गाव व आसपासची गावे त्याखाली गेली. माणसे उठून रामनगर आणि इतरत्र गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. धरणाखाली गणेशगुडीला वीज तयार होऊ लागली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या खुणा वर येतात, असे सांगणारे लोक आजही आहेत. आपली नातवंडे सुपा हा शब्द धरणाच्या नावातच ऐकतात. ते एक गाव होते, तिथे बाजार भरत होता, शाळा होती, घाट होता, हे त्यांना माहीत नाही.

धरण भरले तेव्हा जे वीस-पंचवीस वर्षांचे होते ते आज साठीच्या घरात किंवा पुढे आहेत. जे चाळिशीत होते त्यांच्यापैकी फार थोडे उरले आहेत. गल्लीत कुणाचे घर कुठे होते हे सांगू शकणाऱ्या माणसांची संख्या दर वर्षी कमी होते, वाढत नाही. बँकेच्या भाषेत हे असे खाते आहे ज्यात भरणा थांबला आहे आणि काढणे चालू आहे.

आता टीमलॅबची पद्धत इथे लावून पाहा. एका अंधाऱ्या खोलीत जमिनीवर जुन्या सुप्याचा नकाशा प्रोजेक्टरने पाडायचा, पण सुरुवातीला फक्त पाणी दाखवायचे. मूल चालत आले आणि एका जागी शांत उभे राहिले की तेवढ्या भागातले पाणी बाजूला व्हायचे आणि खालचे घर दिसायचे. त्या घरातल्या कुणाचा तरी आवाज ऐकू यायचा, मराठीत, कोकणीत किंवा कन्नडमध्ये, जसा त्या घरात बोलला जात होता तसा. मूल निघून गेले की पाणी पुन्हा भरायचे. दोन मुले दोन जागी उभी राहिली तर मधली वाट दिसायची. नियम एवढेच.

यासाठी ४७० प्रोजेक्टर लागत नाहीत. शाळेत असतो तसा एक पुरतो. माणूस कुठे उभा आहे हे ओळखायला साधा वेबकॅमेराही चालतो. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी 'किनेक्ट' हा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी अशा उपकरणांनी छोट्या कलाकृती करत आले आहेत. प्रोग्रॅमसाठी 'प्रोसेसिंग' नावाची भाषा फुकट मिळते. ती केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ पासून मुख्यतः कलाकार आणि विद्यार्थी यांच्यासाठीच तयार केली. आपल्यापैकी ज्यांची मुले अभियांत्रिकीला आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हा विषय काढून पाहावा. ती हसतील, पण दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसतील.

मात्र क्रम चुकू नये. गणपतीच्या आराशीत आपण अनेकदा आधी एलईडीचा पडदा भाड्याने आणतो आणि मग त्यावर काय दाखवायचे ते शोधतो. इथे उलटे करावे लागेल. आधी ठेव, मग व्याज. ठेव म्हणजे माहिती. टीमलॅबच्या चहातले फूल सुंदर दिसते कारण त्यामागे जपानी चहाविधीची शतकानुशतकांची समज आहे. चहा नसता तर फुलाला बसायला जागाच नव्हती. आपला चहा म्हणजे त्या लोकांच्या आठवणी. त्या गोळा झाल्या आणि यंत्र कधीच आले नाही, तरी काही बिघडत नाही. यंत्र आले आणि आठवणी गेलेल्या असल्या, तर रिकाम्या खोलीत नुसता उजेड पडेल.

काही पथ्ये सांगतो. आवाज ध्वनिमुद्रित करताना त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी आणि ते कुठे ऐकवले जाणार हे आधी सांगावे. उठावे लागल्याचे दुःख अजून ताजे असलेली घरे आहेत; त्यांनी नाही म्हटले तर नाही. देवाच्या मूर्तीचे किंवा देवळाचे चित्र वापरायचे तर त्या देवस्थानच्या मानकऱ्यांना विचारावे. एकाच समाजाच्या आठवणी गोळा करून गाव पूर्ण होत नाही. सुप्यात मराठे होते, कुणबी होते, कोकणी बोलणारे व्यापारी होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, कन्नड बोलणारे सरकारी नोकर होते. दिव्यांच्या अरण्यातला नियम इथेही लागू आहे, एकाचा प्रकाश दुसऱ्यापर्यंत पोहोचला तरच ते अरण्य उजळते.

सुरुवात अगदी छोटी असू शकते. घरातल्या पेटीतले जुने फोटो बाहेर काढा. त्यात कोण उभे आहे, मागे कुठले घर, कुठला रस्ता दिसतो, साधारण कुठले वर्ष, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. सांगितलेले फोटोच्या मागे लिहून ठेवा. लिहायला शिसपेन्सिल वापरा, शाई पुढे फुटते. मग मोबाइलवर फोटोच्या दोन्ही बाजू टिपून ठेवा. बोलणे चालू असेल तेव्हा मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवायला विसरू नका, कारण फोटोत नसलेली घरे बोलण्यातच सापडतात.